वाचक विचारतात: स्पॅनिशचं ‘केदार’ आणि आपलं ‘राहणं’

मागच्या अंकात स्पॅनिशबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा म्हटलं होतं, आणि आलेल्या पत्रांत बहुतेकांचं घोडं एकाच क्रियापदापाशी अडलंय, ते म्हणजे ‘केदार’. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. उच्चाराचं आधीच सांगून टाकते. लिहिताना त्यात क्यू आणि त्याच्या मागे यू असतो पण तो यू बोलायचा नाही, नुसता ‘के’, आणि जोर शेवटच्या ‘दार’वर. खाली मी लॅटिन अमेरिकेतले उच्चार दिलेत, स्पेनमधे बऱ्याच ठिकाणी काही ‘स’च्या जागी ‘थ’ ऐकू येईल. आणि जिथं शेवटच्या अक्षरावर मुद्दाम जोर द्यायचाय तिथं अवग्रह टाकलाय, कारण ‘मे केदो’ म्हणजे मी राहतो आणि ‘से केदोऽ’ म्हणजे तो राहिला, त्या एका जोरावर माणूसही बदलतो आणि काळही बदलतो.

प्रश्न (धरमपेठ): ताई, मी कॉलेज करून ॲपवर स्पॅनिश शिकते. बाकी क्रियापदं पाठ होतात पण केदारचा अर्थ दर धड्यात नवीनच निघतो, कधी स्टे, कधी मीट, कधी फिट, कधी लेफ्ट. वहीचं एक पान नुसतं त्याच्या अर्थांनीच भरलंय. हे सगळं पाठच करायचं का?

उत्तर: नको गं, ती यादी बाजूला ठेव. यादी लांबली ती केदारमुळे नाही, इंग्रजीमुळे लांबली. इंग्रजीत या प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द लागतो म्हणून ॲपवाले वेगळा शब्द देतात आणि आपण मराठी पोरंपोरी तो इंग्रजी शब्द घेऊन मग त्याचं मराठी करत बसतो. तू थेट मराठीतून बघ.

आपण ‘राहणे’ किती ठिकाणी वापरतो ते एकदा मोजून बघ बरं. मी आज घरीच राहिले. डब्यात दोनच लाडू राहिलेत. होमवर्क करायचा राहिला. तो बघतच राहिला. काशीला जायचं राहून गेलं. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य स्पॅनिशमधे केदारनीच होतं, आणि तुला ‘राहणे’चे पाच अर्थ कोणी शाळेत पाठ करून घेतले होते का? नाही ना.

मूळ बघायचं तर हा शब्द लॅटिनमधल्या ‘क्विएतारे’ वरून आलाय, म्हणजे शांत करणे, गप्प करणे. इंग्रजीतलं क्वाएट पण त्याच घराण्यातलं. हालचाल थांबली, गडबड संपली, आणि मग जे जिथं, जसं, जेवढं स्थिरावलं ते केदार. माणूस स्थिरावला तर तो राहिला. लाडू खाऊन झाले आणि दोन उरले. चर्चा संपली आणि एक गोष्ट ठरली. सगळे अर्थ या एका धाग्यात ओवता येतात, काही सहज, काही जरा ओढून, पण येतात.

२०२० चा मार्च आठव, तेव्हा स्पेनपासून मेक्सिकोपर्यंत टीव्हीवर, मोबाईलवर एकच वाक्य होतं, ‘केदाते एन कासा’, घरी राहा. आपल्याकडे पण तेव्हा तेच सांगत होते, ‘घरीच राहा’. तिथून सुरू कर, हा पहिला आणि सगळ्यात सोपा उपयोग, आणि यात माणूस स्वतः राहतोय म्हणून ‘केदारसे’ होतं: मे केदो, ते केदास, से केदा, नोस केदामोस. कोणी पाहुणा निघाला आणि त्याला जेवून जा म्हणायचं असेल तर ‘केदाते आ कोमेर’, जेवायला थांब. हे एक वाक्य येत असलं की तिथल्या कोणत्याही घरात तुझं स्वागत होईल.

प्रश्न (महाल): माझी मुलगी शिकायला माद्रिदला आहे. तिच्या नादानं मीही घरी थोडं थोडं शिकते. परवा व्हिडिओ कॉल चालू असताना तिची रूममेट म्हणाली ‘केदामोस आ लास ओचो’. मला वाटलं आठ वाजता घरीच राहू म्हणतेय, आणि ह्या दोघी आठला बाहेर! असं काऊन?

उत्तर: काकू, तुमचं ऐकणं अगदी बरोबर आहे, अर्थ तेवढा वेगळा. इथं ‘से’चं ‘नोस’ नाहीये हे बघा. ‘नोस केदामोस’ असतं तर राहू. नुसतं ‘केदामोस’ म्हणजे भेटायचं ठरवू. ‘आठ वाजताचं ठरवायचं का?’ असं ती विचारत होती. आपण फोनवर म्हणतो ना, ‘मग आठचं नक्की ना?’, बस तेच. मराठीत इथं एरवी ‘ठरणे’ लागतं, पण ‘मग आठचं राहिलं हं’ असंही आपण बोलतोच की.

हा उपयोग खास स्पेनचा. तिथली तरुण मंडळी दिवसभर हेच बोलत असतात. ‘ए केदादो कोन आना’, माझं आनाशी भेटायचं ठरलंय. पाचपंचवीस जण जमून बागेत वगैरे भेटणार असतील तर त्या जमण्याला ‘केदादा’ असं नामच पडलंय. मेक्सिको, कोलंबियाकडे मात्र कुणी केदामोस आ लास ओचो सहसा म्हणत नाही, तिथं ‘नोस बेमोस’, भेटू, एवढं पुरतं, आणि मेक्सिकोत ठरलंय म्हणायचं तर ‘केदामोस दे बेरनोस’ असं ‘दे’ लावून. मुलगी माद्रिदला आहे तर तिला ‘एन’ लागेल: ‘केदामोस एन बेरनोस मान्याना’, उद्या भेटायचं ठरलं.

आता एक गंमत बघा, याच ‘केदामोस’चा वर्तमान आणि भूतकाळ दिसायला आणि बोलायला एकच आहे. ठरवूया का पण केदामोस आणि ठरलं होतं पण केदामोस. फरक वाक्याच्या सुरातून आणि बाकीच्या शब्दांवरून कळतो. आणि घरात भाजी कोणती करायची यावर अर्धा तास वाद चालू असेल तर वैतागून विचारायचं ते वाक्य, ‘एन के केदामोस?’, म्हणजे शेवटी ठरलं काय तुमचं? हे मुलीला म्हणून बघा, तिला नक्की आवडेल.

आणि काळजीनं लिहिलंय म्हणून सांगते, रात्री आठ म्हणजे तिथं फार उशीर नाही. स्पेनमधे जेवणंच नऊ-दहाला होतात, त्यामुळे आठला बाहेर भेटणं म्हणजे त्यांच्या हिशोबानं संध्याकाळच.

प्रश्न (मानकापूर): मी ताडोबा, पेंचसाठी टूरिस्टची गाडी चालवतो. स्पॅनिश बोलणारे लोक येतात, गाडीत बसल्या बसल्या ‘कुआंतो केदा’, ‘केदा लेखोस’ असं विचारत राहतात. उत्तर काय द्यायचं ते शिकवा.

उत्तर: दादा, तुमचा प्रश्न मला फार आवडला कारण तुमच्या दोन्ही वाक्यांत मराठी जशीच्या तशी बसते.

‘कुआंतो केदा?’ म्हणजे अजून किती राहिलं? लहान पोरं गाडीत दर दहा मिनिटांनी विचारतात तेच. उत्तर द्यायचं, ‘केदा उना ओरा’, एक तास राहिला. दोन तास राहिले तर ‘केदान दोस ओरास’. बघा, आपल्याकडे राहिला-राहिले होतं तसं तिकडे केदा-केदान होतं, एक असलं की केदा, जास्त असलं की केदान. किलोमीटरमधे सांगायचं तर ‘केदान सिंकुएंता किलोमेत्रोस’, पन्नास किलोमीटर राहिले.

‘केदा लेखोस?’ म्हणजे लांब आहे का? यात केदार म्हणजे एखादं ठिकाण कुठं आहे ते सांगणं. इथं आपलं ‘पडणे’ येतं. आपण नागपुरात म्हणतो ना, खापरीहून सदर लांब पडतं, मेट्रोनं बर्डी जवळ पडते. बस तसंच, ‘केदा लेखोस’ लांब पडतं, ‘केदा सेर्का’ जवळ पडतं. आणि आपण पुढे ‘मला’ लावतो, मला लांब पडतं, तर तेही तिकडे आहे, ‘मे केदा लेखोस’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा ‘मे’ समजवायला तास घालवावा लागतो, तुम्हाला एका वाक्यात कळला असेल.

एक लक्षात ठेवा, हे फक्त जागच्या जागी असणाऱ्या गोष्टींना. गेट, हॉटेल, स्टेशन, बाथरूम. ‘दोंदे केदा एल बान्यो?’, बाथरूम कुठंय, हे तुम्हाला दर ट्रिपला ऐकू येईल. पण वाघ कुठंय हे केदारनी विचारत नाहीत, तो हलतो ना, त्याला ‘दोंदे एस्ता एल तिग्रे?’. आणि रस्त्यात चहाच्या टपरीवर कोणी ‘केदा पान?’ विचारलं तर पानठेल्यावर नेऊ नका, त्यांच्या भाषेत पान म्हणजे पाव, पाव शिल्लक आहे का विचारतायत. आपला पाव पोर्तुगीजांकडून आला आणि त्यांचा पान त्याचाच सख्खा भाऊ. नसेल तर सांगा, ‘नो केदा’, नाही राहिला.

प्रश्न (हिंगणा रोड): मे केदो, मे केदा, मे केदान. तिन्हीत ‘मे’ आहे आणि माझा पेपरमधे दर वेळी गोंधळ होतो. डेले ही स्पॅनिशची परीक्षा द्यायची आहे, तेव्हा जरा नीट समजवाल का?

उत्तर: नीटच समजवते, कारण डेलेच्या ए२, बी१ या पातळ्यांना यावर काहीतरी येऊ शकतं आणि ती परीक्षा सर्व्हांतेस इन्स्टिट्यूटची असल्यानं अशा बारीकसारीक गोष्टी पाहिल्या जातात.

मे केदो मधे राहणारा मीच आहे. मी राहतो, मी थांबतो. ‘मे केदो एन नागपूर’, मी नागपूरलाच राहतो, बाकीचे जाऊ देत. इथला ‘मे’ म्हणजे स्वतः.

मे केदा आणि मे केदान मधे राहणारी वस्तू आहे आणि मी नुसता बाजूला उभा आहे, ज्याला ते लागू होतं तो. हा ‘मे’ म्हणजे आपला ‘मला’. शर्ट घातला आणि तो मोठा झाला, आपण काय म्हणतो? हा शर्ट मला मोठा होतो. ‘मे केदा ग्रांदे’. बूट मोठे होतात, ‘मे केदान ग्रांदेस’. कर्ता शर्ट, कर्ता बूट, मी नाही. इंग्रजी डोक्यात ठेवून केलं की मुलं ‘मी’ला कर्ता करून टाकतात आणि मे केदो ग्रांदे लिहून बसतात, ज्याला काही अर्थच राहत नाही.

कपड्यांचं सगळं याच चालीवर जातं. तुला छान दिसतं, तुला शोभतं म्हणायचं तर ‘ते केदा बिएन’. तिला शोभतं, ‘ले केदा बिएन’. मला घट्ट होतं, ‘मे केदा आहुस्तादो’. एखाद्या मैत्रिणीनं नवीन ड्रेस घातला तर ‘ते केदा मुय बिएन’ एवढं म्हण, खूप छान दिसतो तुला.

पैशाला, वेळेला मात्र थोडं जपून. ‘मे केदान दिएस एउरोस’, याचं चांगलं मराठी ‘माझ्याकडे दहा युरो उरलेत’, इथं आपण ‘मला’ म्हणत नाही. पण उरलेत हे युरोवरून ठरतं, माझ्यावरून नाही, ते दोन्हीकडे सारखंच. ‘मे केदान दोस एक्सामेनेस’, माझे दोन पेपर राहिलेत. तेव्हा नियम घोकण्यापेक्षा मराठी वाक्य मनात म्हण आणि क्रियापद कशाप्रमाणे बदलतंय ते बघ. मी बदलवतोय तर मे केदो. वस्तू बदलवतेय तर मे केदा किंवा केदान. हे एकदा हातात बसलं की आवडण्याचं ‘मे गुस्ता’, दुखण्याचं ‘मे दुएले’ पण आपोआप येतं, मला आवडतं, मला दुखतं, तोच साचा.

प्रश्न (खामला): केदारसेच्या पुढे दुसरं क्रियापद ‘आंदो’ लावून येतं तेव्हा ते आपल्या नागपुरी ‘करून राहिला’ सारखंच ना? मी सगळीकडे तसंच धरून चाललो आहे.

उत्तर: थांबा थांबा, नेमकं इथंच आपण नागपूरकर फसू शकतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

पुण्याचा माणूस म्हणेल ‘काय करतोयस?’ आणि आपण म्हणतो ‘काय करून राहिला?’. मी जेवून राहिलो, पाणी येऊन राहिलं, पोट्टे खेळून राहिले. आपल्या बोलीत हे नुसतं चालू असलेलं काम आहे, त्यात थांबणं, उरणं, चकित होणं काही नाही. त्याला स्पॅनिशमधे केदारसे लावायचं नाही, ‘एस्तार’ लावायचं. तो बघून राहिला, ‘एस्ता मिरांदो’. पाऊस येऊन राहिला, ‘एस्ता योबिएंदो’.

केदारसे कुठं लागतं? जिथं आपण ‘च’ लावतो तिथं. तो बघतच राहिला. ‘से केदोऽ मिरांदो’. म्हणजे काहीतरी झालं, त्यानंतर तो तिथंच खिळला आणि त्याचं बघणं काही थांबेना. सगळे घरी गेले आणि ती एकटी काम करतच राहिली, ‘से केदोऽ त्राबाखांदो’. आपण बोलीत बोलताना सुद्धा हा फरक बरोब्बर करतो. फुटाळ्यावर कोणी सहज तलाव पाहत असेल तर ‘तलाव बघून राहिला’ आणि अचानक कोणी ओळखीचं दिसून थबकला तर ‘बघतच राहिला’. दोन्हीत राहिला आहे पण पहिल्यात ‘बघून’, दुसऱ्यात ‘बघतच’. पहिलं एस्तार, दुसरं केदारसे. ज्याला नागपुरी येते त्याला हा फरक कानानं कळतो, फक्त कोणतं कशाला जोडायचं तेवढं पक्कं करा.

प्रश्न (मेडिकल चौक परिसर): नर्सिंग करतेय, पुढे स्पेनला जायचा विचार आहे. पुस्तकात ‘केदारसे’ बरोबर झोपणे, बहिरं होणे, गरोदर होणे असं सगळंच दिलंय. आजाराशी याचा काय संबंध?

उत्तर: संबंध अवस्थेशी आहे. काहीतरी घडलं आणि त्यानंतर माणूस ज्या अवस्थेत येऊन ठेपला ती सांगायला केदारसे. तुझ्या कामात हे खूप लागेल म्हणून नीट बघ.

‘से केदोऽ सोर्दो’, त्याला ऐकू येईनासं झालं, बहिरा झाला. ‘से केदोऽ सिएगो’, दृष्टी गेली. ‘से केदोऽ काल्बो’, टक्कल पडलं. ‘से केदोऽ बिउदो’, बायको गेली, विधुर झाला. आणि ‘मे केदेऽ दोरमिदो’, मला झोप लागली. बाईनं बोलायचं तर दोरमिदा, सोर्दा, सिएगा. मराठीत या सगळ्यांना ‘राहणे’ नाही लागत, कुठं पडतं, कुठं लागते, कुठं जाते, ते मान्य करून पुढे जायचं.

पण गरोदरपणाला लागतं! ‘केदारसे एम्बारासादा’, गरोदर राहणे. आपल्या बायका पण हेच म्हणतात की, ती गरोदर राहिली, तिला दिवस राहिले. इतकं जवळचं जुळणारं दुसरं मला तरी या क्रियापदात सापडलं नाही. लॅटिन अमेरिकेत ‘से’ काढून नुसतं ‘केदोऽ एम्बारासादा’ म्हणतात. आणि एम्बारासादाचा लाजण्याशी, ओशाळण्याशी काही संबंध नाही, इंग्रजीतला तो सारखा दिसणारा शब्द डोक्यातून काढूनच टाक, वॉर्डात ही गल्लत परवडणार नाही.

प्रत्येक बदलाला केदारसे लावत सुटू नको मात्र. रागानं लाल झाला, आजारी पडला, ते ‘पोनेरसे’. वेडा झाला, ते ‘बोल्बेरसे’. शिकून डॉक्टर झाला, ते ‘आसेरसे’. केदारसे बहुतेक वेळा काहीतरी गेलं, सुटलं, किंवा माणूस जागच्या जागी थबकला अशा वेळी. गोठून गेलो, थक्क झालो तर ‘मे केदेऽ एलादो’. परीक्षेत उत्तर येत असून आठवेना, डोकं रिकामं झालं तर ‘मे केदेऽ एन ब्लांको’.

प्रश्न (प्रतापनगर): माझ्या मुलाचं नावच केदार आहे! तो कंपनीच्या कामानं बार्सेलोनाला जातोय. तिथं नावावरून हसतील का? नाव बदलून सांगू का म्हणतो.

उत्तर: मुळीच नाही हो, बदलायचं काही कारण नाही. आपण इंग्रजीत त्याचं नाव लिहिलं की स्पॅनिश माणूस ते वाचताना जोर शेवटी देणार, कारण त्यांच्या नियमानं ‘र’नं संपणाऱ्या शब्दाचा जोर शेवटच्या अक्षरावरच असतो, त्यामुळे त्याचं नाव आणि हे क्रियापद ऐकायला तंतोतंत एकच होईल. पहिल्या भेटीत समोरचा थोडा थबकेल, परत विचारेल. तेव्हा मुलानं सांगावं की हे केदारनाथाचं नाव आहे, हिमालयातलं मोठं देवस्थान. पहिल्याच दिवशी दोन मिनिटं गप्पा सुरू होतील आणि नाव कोणी विसरणार नाही. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आहे, ते ताठ मानेनं सांगावं.

प्रश्न (इतवारी): दुकानात ‘मे केदो कोन एस्ते’ म्हणतात ते काय? आणि ‘केदेसे कोन एल काम्बिओ’?

उत्तर: पहिलं म्हणजे हाच घेतो, हाच ठेवतो. चार रुमाल बघितले आणि एक पसंत पडला की हे वाक्य. दुसरं म्हणजे सुटे राहू द्या, तुम्हीच ठेवा. दोन्हीत ‘केदारसे कोन’, एखादी गोष्ट आपल्याकडे ठेवून घेणे. स्पेनमधे ‘ते एस्तास केदांदो कोनमिगो?’ असं कोणी विचारलं तर अर्थ निराळा, माझी खेचतोयस का?

उलट बाजू ‘केदारसे सिन’, एखादी गोष्ट संपणे. ‘मे ए केदादो सिन बातेरिआ’, माझी बॅटरी संपली. पेट्रोल, पैसे, पाणी, सगळ्याला हेच.

प्रश्न (सक्करदरा): ‘केदार बिएन’ म्हणजे शोभणे असं शिकले, पण एका वाक्यात पाहुण्यांकडे मिठाई नेली ‘पारा केदार बिएन’ असं होतं. मिठाई कोणाला शोभली?

उत्तर: मिठाईला नाही, नेणाऱ्याला. कपडा आणि ‘ले’ असलं की शोभणे. माणूसच कर्ता असला की चारचौघांत मान राहणे, नाव राहणे. रिकाम्या हातानं कसं जायचं, बरं दिसत नाही, म्हणून आपण जे करतो ते ‘पारा केदार बिएन’. आणि येतो येतो म्हणून गेलाच नाही, त्या घरच्यांसमोर वाईट दिसलं, तर ‘केदोऽ माल’. कोणासमोर ते ‘कोन’ लावून सांगायचं, ‘केदोऽ माल कोन सुस सुएग्रोस’, सासूसासऱ्यांपुढे त्याची शोभा झाली. लग्नाच्या आहेरापासून दिवाळीच्या फराळापर्यंत आपली निम्मी धावपळ याचसाठी असते, त्यामुळे याला उदाहरणं शोधायला तुम्हाला कुठं जावं लागणार नाही.

याच्याच शेजारचं ‘केदार कोमो’, लोकांच्या नजरेत कसे ठरलो. ‘केदोऽ कोमो उन एरोए’, तो हिरो ठरला. शर्यतीत दुसरा आला तर ‘केदोऽ सेगुंदो’.

प्रश्न (वर्धमाननगर): लॅटिन अमेरिकेतल्या क्लायंटशी माझं रोजचं बोलणं असतं. ‘मी चार्जर हॉटेलात विसरलो’ याला मी ऑल्विदार, म्हणजे विसरणे, वापरून वाक्य करतो, ते मात्र ‘से मे केदोऽ’ म्हणतात. चूक कोणाची?

उत्तर: चूक कोणाचीच नाही, तुमचं वाक्य पण चालतं. पण ‘से मे केदोऽ’ शिकून घ्या, आपल्याला ते अगदी घरचं वाटेल.

आपण छत्री ऑफिसात विसरलो की घरी येऊन काय म्हणतो? ‘मी छत्री विसरलो’ असंही म्हणतो, पण त्याहून जास्त ‘अरे, छत्री ऑफिसातच राहिली!’. राहणारी छत्री, मी नाही. ‘से मे केदोऽ एल पारागुआस एन ला ओफिसिना’. ‘मे’ एवढाच सांगतो की छत्री माझी होती. किल्ल्या राहिल्या तर अनेकवचन, ‘से मे केदारोन लास यावेस एन कासा’. वस्तूप्रमाणे क्रियापद, तेच जे वर हिंगणा रोडच्या मुलाला सांगितलं.

मात्र ‘मी चार्जर राहवला’ असं आपण जसं म्हणू शकत नाही तसंच केदारला कर्म देऊन ‘केदेऽ एल कारगादोर’ म्हणायचं नाही. स्पेनच्या पश्चिमेकडच्या काही भागांत लोक बोलताना म्हणतात तसं, पण ते बोलीतलं, क्लायंटच्या मेलमधे नको. आपण ठेवून आलो असं सांगायचं तर ‘देखार’, स्पेनमधे ‘मे ए देखादो एल कारगादोर’ हेच जास्त ऐकू येईल. तुमचे क्लायंट लॅटिन अमेरिकेतले आहेत तर हॉटेलात फोन करून सांगा, ‘से मे केदोऽ एल कारगादोर एन एल कुआर्तो’, खोलीत चार्जर राहिला माझा, आणि लगेच रूम नंबर सांगा, तो आधी विचारतील.